कोरडे केस

३ फेब्रुवारी

कंगव्यातून निघालेला केसांचा पुंजका सकाळी नवऱ्याला दाखवला. त्याने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "टाक की मग." एवढीच सहानुभूती. त्याला स्वतःला टक्कल आहे, त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार.

अकरा वर्षं तलावावर पोहायला शिकवतेय. क्लोरीनच्या पाण्याने केसांचा पार काथ्या झालाय. टोकं पांढुरकी पडलीत, हात फिरवला की कुरकुरतात. पण आजवर त्याचं काही वाटलं नव्हतं. हे काम करणाऱ्या सगळ्यांचे केस असेच होतात असं मी धरून चालले होते. सोमवारी नवी बाई कामावर रुजू झाली आणि कळलं, सगळ्यांचे होत नाहीत.

सव्वीस-सत्तावीसची असेल. तिला उथळ बाजूची लहान मुलं दिलीत आणि संध्याकाळची एक बॅच. मॅनेजर ओळख करून देत होता तेव्हा तिने टोपी ओढून काढली आणि केस असे काही पाठीवर आले की वर गॅलरीत बसलेले दोन पालक बोलायचे थांबले. मी तिथल्या तिथे मनातल्या मनात तिचं नाव 'जाहिरात' ठेवलं.

मला मुलं अकरा वर्षं 'मॅडम' म्हणतात. तिला तिसऱ्या दिवशी 'ताई' म्हणायला लागली. माझी लेकसुद्धा. तेरा वर्षांची घोडी, माझ्याच खोल पाण्याच्या बॅचला येते.

"ताई काय? ती काय तुझी बहीण लागते?" मी जेवताना विचारलं.

"मग काय म्हणू?"

"मॅडम म्हण."

"मॅडम तू आहेस," लेक म्हणाली.

तलावावर तिनेही मला मॅडमच म्हणायचं, ही शिस्त मीच लावलेली. काय बोलणार.

७ फेब्रुवारी

आज जे केलं ते इथे लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

बॅच सुरू व्हायला अजून वेळ होता. पाण्यात फक्त लेक होती, खोल बाजूला एकटीच फेऱ्या मारत होती. जाहिरात पलीकडे मुलांच्या पोहायच्या फळ्या मांडत होती, म्हणजे काठावर कुणीतरी होतं. मी कपडे बदलायच्या खोलीत गेले, आत कुणी नाही हे बघितलं आणि तिची पिशवी उघडली. टॉवेलाखाली बाटली सापडली. खराब झालेल्या केसांसाठी, रात्री लावून झोपायचं, धुवायचं नाही. झाकण काढून वास घेतला. थोडं हातावर घेऊन बघितलं. मागचं बारीक अक्षरांतलं सगळं वाचलं, अगदी कुठे साठवावं इथपर्यंत. मला वाटतं मी तिथे बराच वेळ होते.

बाहेर आले तर काय! जाहिरात ट्रॅकसूट, बूट सगळ्यासकट खोल पाण्यात. माझ्या लेकीला छातीशी धरून कठड्याला टेकलेली, आणि लेकीचं डोकं तिच्या खांद्यावर. असं डोकं तिने माझ्या खांद्यावर ठेवून किती वर्षं झाली!

"हा काय प्रकार आहे?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग लेक खोकत म्हणाली, "सराव. रेस्क्यूचा सराव करत होतो."

"बुटांसकट?"

जाहिरात काहीतरी बोलणार होती. लेकीने तिचा हात दाबला, मी स्वच्छ पाहिलं. मग तीही म्हणाली, "हो. सराव."

आठवडा झाला नाही तर माझ्या लेकीबरोबर हिची गुपितं सुरू. आणि सराव करायचा तर माझ्या बाजूला, मला न विचारता, कपड्यांसकट उडी मारून? नुसता दिखावा. लेक त्यानंतर पाण्यात उतरलीच नाही, डोकं दुखतंय म्हणाली. डोळे लाल झाले होते, पण क्लोरीनने सगळ्यांचेच होतात.

घरी जाताना तीच बाटली विकत घेतली.

८ फेब्रुवारी

काल रात्री केसांचा पहिला प्रयोग. मूठभर घेऊन मुळापासून टोकापर्यंत चोपडलं, वरून नवऱ्याचा जुना टीशर्ट गुंडाळला. नवरा म्हणाला, "तुझं डोकं उशीवरून घसरतंय." खरंच घसरत होतं.

सकाळी आरशात बघितलं तर तेलाच्या डब्यात पडल्यासारखी दिसत होते. दोनदा धुतलं तरी केस चिकटलेलेच. जाहिरातीने बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. हसली असती तर चाललं असतं.

मॅनेजरला भेटून कालची तक्रार दिली. बूट घालून तलावात उतरणं नियमात बसत नाही, पाण्यात घाण जाते. शिस्त ती शिस्त. तो म्हणाला, "ती अजून प्रोबेशनवर आहे, असं काही आलं तर कायम करणं अवघड जाईल. बघा बुवा." मी म्हटलं, "मी काय बघू? मी फक्त झालं ते सांगितलं."

त्याने तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "चूक झाली." बस्स. ना कारण, ना भांडण. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी

चार दिवस डोकेदुखीचं कारण सांगून लेक बॅचला आलीच नाही. आज सांगून टाकलं, "मला तुझ्या बॅचला यायचं नाही. मी संध्याकाळी ताईंच्या बॅचला जाणार."

मी त्या वेळी घरी असते. म्हणजे माझ्यासमोर पोहायचंच नाही.

"माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"तिच्याकडे असं काय आहे?"

ती दप्तरात काहीतरी शोधत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "त्या बघत असतात."

"मी बघत नाही?"

त्यावर ती खोलीत निघून गेली. आता मुलांकडे बघायचं म्हणजे आणखी काय करायचं? अकरा वर्षं मी दुसरं काय करतेय? नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "वय आहे, जाऊ दे." याचं सगळ्यावर एकच औषध, जाऊ दे.

१९ फेब्रुवारी

कपाळावर, केसांच्या कडेने, बारीक पुटकुळ्या आल्या आहेत. बाटलीचा प्रताप.

काल लेक म्हणाली, "आई, मुळाशी नाही लावायचं. केस ओले असताना, फक्त टोकांना. नखाएवढं घ्यायचं. ताईंनी सांगितलंय."

म्हणजे माझ्या केसांबद्दल त्या दोघींचं बोलणं होतं तर! त्या विचाराने जेवण गेलं नाही. तरी झोपण्याआधी तिने सांगितलं तसंच लावलं, नखाएवढं, टोकांना. सकाळी केस खरंच मऊ लागले. दुपारी तलावातून बाहेर आले की पुन्हा काथ्या.

आणि लेक? ती संध्याकाळी वेणी घालून आली. चार पेडांची, घट्ट, एकही केस बाहेर नाही. माझ्याकडून ती वेणी घालून घेत नाही, ओढते म्हणते.

"कुणी घातली?"

"ताईंनी."

मी उगाच भांड्यांचा आवाज करत बसले.

२५ फेब्रुवारी

मला हे कोडं सुटत नाही. लेकही माझ्याच बाटलीतलं लावते. बाटली एक, प्रमाण एक, पाणी त्याच तलावाचं. माझ्या केसांत काडीचा फरक नाही आणि लेकीचे केस दिवसेंदिवस सुधारतायत. आज ती अभ्यास करत होती, मागून हात फिरवून बघितला. रेशीम. क्लोरीनचा वाससुद्धा नाही. मी काल तीन वेळा धुतले तरी माझ्या डोक्याला तलावाचा वास येतो.

नक्की जाहिरात तिला आणखी काहीतरी लावते, जे मला सांगत नाही.

बाकीही शिस्त लागलीय. कॉस्च्यूम, टॉवेल आल्या आल्या स्वतःच धुऊन वाळत घालते, मला हात लावू देत नाही. मी बारा वर्षं ओरडले तेव्हा पोरीने रुमाल उचलला नाही. ताईने तीन आठवड्यांत करून दाखवलं.

लेकीच्या केसांचाही हेवा वाटावा इतकी खाली आलेय मी. आधी तिच्या ताईचा वाटायचा, आता घरातच. वाचून बघितलं तर फार वाईट दिसतंय, पण खोडत नाही.

१ मार्च

पुढच्या महिन्यात इतर तलावांच्या मुलांबरोबर शर्यती आहेत. लेकीचं नाव घालणार होते. ती म्हणाली, "नको." का नको? "ताई म्हणतात घाई नको."

आता मात्र माझं डोकं फिरलं. दुपारी जाहिरातीला कपडे बदलायच्या खोलीतच गाठलं.

"माझ्या मुलीने शर्यतीत उतरायचं की नाही हे तुम्ही ठरवणार?"

ती केसांना टॉवेल गुंडाळत होती. थांबली. "नाही मॅडम. ते तीच ठरवेल."

"तिच्या डोक्यात तुम्हीच भरवलंय."

"तुम्ही एकदा तिच्याशी बोला ना. घरी, शांतपणे."

"मी माझ्या मुलीशी कधी बोलायचं हेही आता तुमच्याकडून शिकू?"

ती पुन्हा टॉवेल गुंडाळायला लागली. मला आणखी चेव आला. म्हटलं, "आणि तुम्ही तिला केसांना काय लावता ते मलाही कळू द्या. तीच बाटली मी रोज लावते, मला का गुण येत नाही?"

तिचा चेहरा एकदम विचित्र झाला. म्हणजे हसू नाही, कीवही नाही. घाबरल्यासारखी दिसली. "मी काही वेगळं लावत नाही," ती म्हणाली. "तुमची टोकं फुटलीत, मॅडम. बाटलीनं फुटलेलं जुळत नाही, नुसतं मऊ वाटतं. ती कापावी लागतात."

ऐका! कापा म्हणे. स्वतःचे कमरेपर्यंत ठेवून मला कापायला सांगते.

५ मार्च

आज अक्षर वाकडं येईल.

संध्याकाळी घरात बसवेना. कपाटाची किल्ली विसरले असं नवऱ्याला सांगून तलावावर गेले. म्हटलं आज बघतेच, ही काय असं शिकवते. खालून गेले तर दिसेन, म्हणून वर गॅलरीत गेले.

खाली बॅच चालू होती. आठ टोप्या मोजल्या. लेकीची निळी टोपी त्यांत नव्हती. पुन्हा मोजल्या. मग माझ्या मागून कागदाचा आवाज आला. गॅलरीच्या अगदी शेवटच्या बाकावर लेक बसली होती. शाळेच्या कपड्यांत, पायात बूट, मांडीवर गणिताची वही. केस मोकळे सोडलेले. कोरडे ठणठणीत.

कोडं सुटायला एवढंसं बघायला लागलं.

मी तिच्याशेजारी बसले. "आज उतरली नाहीस?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"काल?"

पुन्हा मान हलवली.

"अगं, मग कॉस्च्यूम, टॉवेल..."

"नळाखाली भिजवायचे."

"कधीपासून?"

"ताई बुटांसकट उतरल्या त्या दिवसापासून."

मला वाटतं मला तेव्हाच कळलं. तरी विचारलं, "तो सराव होता ना?"

"पायात गोळा आला होता," ती म्हणाली. वहीचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती. "दोन्ही पायांत. मी खाली गेले. वर आले तेव्हा तू उभी असतेस तिकडे बघितलं, तू नव्हतीस. मग परत खाली गेले. आवाज निघत नाही गं आई. तू शिकवतेस ना, बुडणारा माणूस ओरडत नाही म्हणून. खरंच नाही निघत."

खाली शिट्टी वाजली, मुलं कठड्याला धरून पाय मारायला लागली. तो फटफट आवाज काचांवर आपटत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांना कळलं असतं की तू तिथे नव्हतीस. तुला काढलं असतं." थोड्या वेळाने म्हणाली, "ताई सांगणार होत्या. मी शप्पथ घातली."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. हात उचलला, पण ती बाकाच्या टोकाला सरकली. मग तिने तो प्रश्न विचारला, जो ती विचारणार नाही असं मला वाटत होतं.

"तू कुठे गेली होतीस?"

काहीही सांगता आलं असतं. पाणी गाळायचं मशीन बघायला गेले होते, फोन आला होता. पण ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"तिची पिशवी उघडून बघायला. केसांना काय लावते ते."

तिने माझ्या केसांकडे बघितलं. खूप वेळ. मला वाटलं चिडेल, रडेल. ती नुसती म्हणाली, "बरं," आणि वही बंद केली.

घरी येताना ती माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आज 'जाऊ दे' म्हणाला नाही. उठून लेकीच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

७ मार्च

मॅनेजरकडे गेले. काय झालं, मी कुठे होते, जाहिरातीने उडी का मारली, सगळं सांगितलं. पिशवीचंही. तो पेन हातात फिरवत ऐकत होता. मग म्हणाला, "तक्रार तुम्हीच केली होती ना हो?"

"हो."

"आणि ती काहीच बोलली नाही?"

"नाही."

तिच्यावरची तक्रार त्याने रद्द केली. मला काठावरून काढलंय, पुढचं ठरेपर्यंत तिकीट खिडकीत. बरोबरच केलं. मी त्याच्या जागी असते तर घरी पाठवलं असतं.

मग जाहिरातीकडे गेले. ती फळ्या पुसत होती.

"मला कळलं," मी म्हटलं. मग आभार मानायला हवे होते, पण निघालं भलतंच. "तू का नाही बोललीस? निदान तुझ्यावर शेकलं तेव्हा तरी?"

ती म्हणाली, "मी तिला धरलं होतं ना, तेव्हा ती सारखी आई, आई करत होती. मला वाटलं, तुम्ही तिचा चेहरा बघितला की विचाराल. आज विचाराल, उद्या विचाराल." मग फळीकडे बघत म्हणाली, "माझंही चुकलं. लहान मुलीनं घातलेली शप्पथ पाळायची नसते."

तिने माझ्या मुलीचा जीव वाचवला. तिचे पाय धरायला हवेत. आणि मला तिचा रागच येतो. काठावर मी असायला हवी होते, होती ती. तो चेहरा मी बघायला हवा होता, बघितला तिने. माझी लेक ज्या क्षणी आई आई करत होती तो क्षणसुद्धा हिच्याच वाट्याला गेला. केसांचं काय घेऊन बसले होते मी! खरा हेवा करण्यासारखं तर हे होतं.

शेवटी कसंबसं "थँक्यू" म्हटलं. ती रडायला लागली. मी नाही रडले. घरी येऊन रडले.

११ मार्च

केस कापून आले, कानापर्यंत. कापणारी विचारत होती, "नक्की ना?" खाली पडलेले केस बघवत नव्हते, जुन्या झाडूसारखे दिसत होते. नवरा म्हणाला, "मान दिसायला लागली तुझी." चांगलं की वाईट ते सांगितलं नाही. लेक म्हणाली, "बरे दिसतायत." त्या दिवसानंतर आपण होऊन बोललेलं हे पहिलंच.

१४ मार्च

लेक उथळ पाण्यात उतरली. कमरेएवढ्या. मला जाहिरातीने येऊन सांगितलं. लेकीची अट आहे की आईने आत यायचं नाही.

तिकीट खिडकीतून तलाव दिसत नाही, नुसता ऐकू येतो. सुटे पैसे देताना माझे कान तिकडे. शिट्टी वाजली की वाटतं, ही तिच्यासाठी असेल का? एका गृहस्थांना दोनदा तिकीट दिलं. मुलगी पाण्यात आहे, तिला धरायला दुसरी आहे, आणि मी भिंतीच्या अलीकडे.

तरी आत गेले नाही. हे एक मी पाळलं.

२२ मार्च

आज संध्याकाळी खिडकी बंद करायच्या वेळी लेक बाहेरून आली. अंगावर टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "एक तिकीट द्या. मोठ्यांचं."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. शिकवायला नको येऊस. नुसती ये."

मी तिकीट फाडलं आणि पैसे माझ्या पर्समधून गल्ल्यात टाकले.

पाण्यात जाहिरात होती. मी शिट्टी घेतली नाही, गळा उगाच मोकळा मोकळा वाटत होता. लेकीने आम्हा दोघींना जागा नेमून दिल्या. पाणी छातीपर्यंत. मी इकडच्या कठड्याशी, जाहिरात समोर, मध्ये चार-पाच हात अंतर. मला वाटलं, लेक तिच्याकडून निघणार आणि माझ्याकडे येणार. मी हात पुढे करून ठेवले होते.

"तसं नाही," लेक म्हणाली. "तू सोडायचं. ताई धरतील."

असं आहे तर.

तिने पाण्यावर अंग टाकलं. तिच्या छाती-पोटाखाली मी दोन्ही हात धरले. अंग नुसतं दगडासारखं ताठ, हृदय माझ्या तळहातावर धडधडत होतं. अशी मी शेकडो मुलं हातावर धरलीत, कुणाचं काळीज असं हाताला लागलं नव्हतं. जाहिरात पलीकडून हात पसरून उभी, मला काही न सांगता.

"धरलंयस ना?" लेकीने विचारलं.

"धरलंय."

"बघतेयस ना?"

"तुझ्याकडेच बघतेय."

"मग सोड."

मी सोडलं. ती वेडीवाकडी गेली, पाय माझ्या तोंडावर पाणी उडवत, मान नको तितकी वर काढून. मी शिकवलेल्यातलं काही म्हणजे काही त्यात नव्हतं. पण पोचली. जाहिरातीने तिला धरलं, आणि दोघी हसायला लागल्या, एकमेकींना धरून, मोठमोठ्याने. माझ्या पोटात पुन्हा ते जुनं जळलं. मला वाटलं होतं आता नाही जळणार. जळलं.

लेक वळली. केस डोळ्यांवर आलेले, ते मागे सारून तिने माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणते ते बघत होती.

"वळून ये इकडे," मी म्हटलं. "परत सोडते."